छोटेसाहेब आणि आगंतुक जाहिराती

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या निधनाची बातमी छोटेसाहेब संथ, घोगऱ्या आवाजात वाचत होते. "बाईंच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे आणि" इथवर ते आले आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलमधून एक तरुणी खळखळून हसली. "गुडघे दुखतात? आता नाचा की!" असे म्हणून ती बाजूला झाली आणि तिच्यामागे बँड सुरू झाला. बातमी पडद्यावरून नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक वृद्ध जोडपे हिरवळीवर उड्या मारत होते.

छोटेसाहेबांच्या दुसऱ्या हातात बायकोचा जुना, बटणांचा फोन होता आणि त्यावर पलीकडे त्यांची ताई होती. 

"बाबू," ती म्हणाली, "बाई गेल्या हे तरी खरं ना? की तीही जाहिरातच?"

"खरं आहे गं. थांब जरा, हे बंद करतो."

"बंद कसलं करतोस! वाढलंय ते."

वाढले होते खरे. जाहिरात घालवण्याची फुली एका कोपऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढी होती, आणि छोटेसाहेबांचा अंगठा जन्मभर रबरी शिक्के मारून चांगला रुंद झालेला होता. त्यांनी अंगठा न्यावा आणि फुलीने ऐन वेळी अंग चोरावे, असा प्रकार दोनतीनदा झाला. त्यानंतर पडद्यावर गुडघ्याच्या तेलाचे अख्खे दुकान उघडले. मुख्याध्यापिकाबाईंच्या पश्चात आणखी कोण कोण होते, हे ताईला त्या दिवशी कळले नाही.

छोटेसाहेब हे अर्थात त्यांचे नाव नव्हे, आणि ते छोटे तर मुळीच नव्हते. चांगले सहा फूट उंच होते. मात्र ज्या वर्तमानपत्रात त्यांनी उभी हयात काढली, तिथे पानभर जाहिराती आणणारे ते मोठेसाहेब आणि 'हरवले-सापडले'चे रकाने सांभाळणारे ते छोटेसाहेब, असा हिशेब कार्यालयाच्या शिपायाने एकदा करून टाकला आणि तो कायम झाला. मोठेसाहेब त्यांच्या खांद्याला लागत. दोघे जिन्यावरून सोबत उतरू लागले की नवख्या माणसाचा घोटाळा ठरलेलाच.

हे वर्तमानपत्र अलीकडे छापले जात नसे. कागद महागला, वाचक पांगले, यंत्रे भंगारात गेली आणि पेपर फोनमध्ये राहायला गेला. छोटेसाहेबांना ते एखाद्या कर्त्या माणसाने भाड्याच्या खोलीत जावे तसे वाटे, पण त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार करायची नव्हती याला कारण ताई होती. ती लांबच्या गावी मुलाकडे राहत होती आणि तिची नजर हळूहळू पार गेली होती. रोज सकाळी अकरा वाजता छोटेसाहेब तिला पेपर वाचून दाखवत. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत, मधे ताईचे शेरे, त्यावर यांचे खुलासे, त्यावर तिचे आणखी शेरे. बारा कधी वाजत ते कळत नसे.

यात एक जुना व्यवहार होता. छोटेसाहेब शाळेत जाण्याआधी वाचायला शिकले ते ताईच्या मांडीवर बसून, आणि तेही छोट्या जाहिरातींच्या रकान्यावरून. बातम्यांमधली वाक्ये लांब असत. जाहिरातीत मात्र 'विकणे आहे', 'पाहिजे', 'सापडल्यास कळवावे' अशी लहान मुलाच्या घासाएवढी वाक्ये. ताई बोट ठेवी आणि बाबू वाची. 'काळ्या रंगाची छत्री हरवली आहे' हे त्यांनी आयुष्यात वाचलेले पहिले संपूर्ण वाक्य. ते वाचून त्यांना रडू आले होते, कारण त्या छत्रीवाल्याला आता पावसात भिजावे लागेल. ताईने तेव्हा समजूत घातली होती की छत्री संध्याकाळपर्यंत सापडेल, पेपरात दिले आहे ना! पेपरात दिले म्हणजे झाले, ही श्रद्धा तेव्हापासूनची. पुढे ते त्याच रकान्याचे साहेब झाले यात कोणाला आश्चर्य वाटले नाही.

त्या काळच्या जाहिरातींना, छोटेसाहेबांच्या मते, घरंदाजपणा होता. त्या आपल्या चौकटीत बसून असत. वाचकाने यावे, वाचावे, नाहीतर पान उलटावे. कोणी उठून अंगावर येत नसे. खुद्द मोठेसाहेबांची पानभर जाहिरातही शेजारच्या मथळ्याच्या पायावर पाय देत नसे. आणि छोटी जाहिरात म्हणजे तर काउंटरवर उभा असलेला एक माणूस. छत्री हरवलेला गृहस्थ जाहिरात देऊन जाई आणि अर्ध्या वाटेतून परत येई: "दांडा सैल आहे हेही घाला हो, सापडेल त्याच्या बोटाला लागायचं." एक बाई शिलाई मशीन विकायला काढी, आणि जाहिरात छापून आली की दुसऱ्या दिवशी धापा टाकत येऊन म्हणे, "विकलं असं छापा, नाहीतर लोक येतील." मशीन विकलेले नसे. तिला ते विकायचेच नसे. दर वर्षी नवऱ्याशी भांडण झाले की ती एकदा ते विकायला काढी, एवढेच.

या काउंटरवर छोटेसाहेबांनी एक रिवाज पाडला होता. ज्याला आपला पत्ता छापायचा नसे त्याला पेटी क्रमांक मिळे आणि आलेली उत्तरे त्या पेटीत जमत. पण काही पेट्यांना उत्तरच येत नसे. रिकाम्या पेटीकडे बघून परत जाणाऱ्या माणसाचा चेहरा छोटेसाहेबांना बघवत नसे. मग ते स्वतःच एक पोस्टकार्ड लिहीत: 'आपली जाहिरात वाचली. तूर्त आम्हांस गरज नाही. तथापि वस्तू उत्तम असावी असे वाटते. कळावे.' माणूस ते कार्ड दोनदा वाची, खिशात घाली, आणि "चला, कोणीतरी वाचलं तर खरं," असे म्हणत जिना उतरे. या कामात छोटेसाहेबांना कधी कमीपणा वाटला नाही. कोणी आपल्याशी बोलले की उत्तर द्यावे, इतके साधे त्यांचे तत्त्व होते.

हेच तत्त्व त्यांनी मोबाइललाही लावले, आणि इथे सगळा अनर्थ झाला.

पहिली जाहिरात पडद्यावर आली ती झोपण्याच्या गादीची. छोटेसाहेबांनी ती शेवटपर्यंत वाचली. खाली 'आम्हाला कळवा' असे आर्जवाने लिहिले होते. त्यांनी कळवले. निनावी पत्र लिहिणे असभ्यपणाचे, म्हणून नाव आणि नंबरही दिला. दुसऱ्या दिवशी गाद्या चार प्रकारच्या आल्या. त्यांनी चौघांना कळवले. मग कानाचे यंत्र, केसांचे तेल, पाण्याची टाकी, परदेशातील शिक्षण. छोटेसाहेब सकाळचा चहा झाला की चष्मा लावून उत्तरांना बसू लागले. इतकी पेटी आपल्या कारकिर्दीत कधी भरली नव्हती, असे त्यांना वाटे, आणि खरे सांगायचे तर जरा बरेही वाटे. निवृत्त माणसाला सकाळी बसून करण्यासारखे काम मिळाले होते.

फोनने मात्र आपला निष्कर्ष काढला होता. या गृहस्थाला सगळेच हवे आहे, असा तो निष्कर्ष होता.

पाळण्याच्या जाहिरातीला त्यांनी लिहिले की घरात लहान मूल नाही, मात्र पाळण्याची घडण सुरेख आहे. आठवड्याभरात पडद्यावर फुले उधळली गेली.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "हा फोन अभिनंदन करतोय. तिसरा महिना लागला म्हणतो."

"कोणाला?"

"मला."

बायकोने हातातला झारा खाली ठेवला, फोन घेतला, वर-खाली पाहिले. एकेक गोष्ट तिच्या लक्षात येऊ लागली.

"अहो, तुम्ही यांना उत्तरं देता?"

"न देऊन कसं चालेल? बिचारे विचारतात."

"कोण बिचारे? तिथे माणूस आहे का कोणी?"

"जाहिरात आहे म्हणजे कोणीतरी दिली असणारच की."

यावर तिने कपाळाला हात लावला नाही. असल्या गोष्टींसाठी कपाळाला हात लावायचे तिने लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिले होते.

तीन महिन्यांनी, म्हणजे फोनच्या हिशेबाने छोटेसाहेबांना सहावा लागला तेव्हा, एक टेम्पो दारात उभा राहिला. त्यातून दोघांनी एक अवाढव्य खुर्ची उतरवली आणि ती पाठ, मान, पोटऱ्या एकाच वेळी दाबते असे सांगत थेट बैठकीच्या खोलीत आणून ठेवली.

"मी गरज नाही म्हणून स्पष्ट लिहिलं होतं," छोटेसाहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही 'तूर्त' म्हणालात," टाय लावलेला विक्रेता हसून म्हणाला. "आणि वस्तू उत्तम आहे असंही म्हणालात. इतकं प्रेमानं आम्हाला आजवर कोणीच लिहिलं नाही. मॅनेजरनी तुमचं पत्र भिंतीवर लावलंय."

या शेवटच्या वाक्याने छोटेसाहेबांचे निम्मे अवसान गळाले. तेवढ्यात शेजारचे विमावाले आत आले. विमावाले म्हणजे आयुष्यभर लोकांना मरणाची आठवण करून देऊन आता निवृत्तीत सर्वांना जगण्याचे सल्ले देणारे गृहस्थ. त्यांनी खुर्ची पाहिली, विचारल्याविना तिच्यात बसले, आणि यंत्र सुरू होताच डोळे मिटून घेतले.

"सा-हे-ब," खुर्ची त्यांना गदगदा हलवत असल्याने त्यांचे शब्द तुटून बाहेर पडत होते, "तु-म-चा फो-न मंद का झा-ला-य सां-गू?"

फोन मंद झाला होता हे खरे. जाहिराती आता नुसत्या लिहिलेल्या येत नसत, नाचत-गात येत. त्यांच्या नाचगाण्यातच दिवसाचे इंटरनेट साडेदहालाच संपून जाई, आणि अकराला पेपर उघडायला गेले की पडद्यावर एक चकती गरगर फिरत राही. ताई पलीकडे वाट बघत बसे. कालच ती म्हणाली होती, "बाबू, तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग हो." हे वाक्य छोटेसाहेबांना दिवसभर टोचत होते.

विमावाल्यांचा सल्ला असा होता: पालिकेने बागेत फुकट वायफाय ठेवले आहे, तिथे बसावे, हवा तितका पेपर वाचावा, वर शुद्ध हवा. टेम्पोवाल्यांनी खुर्ची आणि विमावाले यांना मोठ्या कष्टाने वेगळे केले, खुर्ची परत टेम्पोत चढवली, आणि दुसऱ्या दिवशी छोटेसाहेब दोन फोन, चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन बागेत गेले.

बागेतले वायफाय फुकट होते, पण विनाअट नव्हते. आधी त्याने नंबर मागितला. मग 'आपल्या आवडी निवडा' म्हणून एक यादी पुढे केली. क्रीडा, प्रवास, सौंदर्य, स्थावर मालमत्ता, नाती. कोणाचे मन मोडू नये म्हणून छोटेसाहेबांनी सगळ्यांवर खुणा केल्या. मग एक जाहिरात संपूर्ण पाहण्याची विनंती झाली. ती न पाहता पुढे जायला वाट नव्हती. आणि दर पंधरा मिनिटांनी हे सगळे पुन्हा.

तरीही पहिले दोनतीन दिवस बरे गेले. किंबहुना चांगले गेले. छोटेसाहेबांचा आवाज मूळचा मोठा, त्यात ताईला बटणांच्या फोनवरून ऐकू जावे म्हणून ते आणखी चढवत. फिरायला आलेली मंडळी आधी बाकाजवळ रेंगाळू लागली, मग बसू लागली. कोणी म्हणे, "ती धरणाची बातमी परत घ्या बरं." कोणी मरणाच्या बातम्या आल्या की चप्पल काढून बसे. माळ्याने झारी बाजूला ठेवून हवामानाचा अंदाज ऐकला आणि चुकीचा आहे म्हणून सांगितले. ताईला पलीकडून हे सगळे ऐकू येई आणि ती खुशीत असे. "आपल्या आळीत रेडिओ आला होता तेव्हा असेच जमायचे रे सगळे," ती म्हणाली. "खिडकीला लोंबकळत ऐकायचे. तू रेडिओच्या मागे जाऊन माणूस शोधायचास."

चौथ्या दिवशी अर्थसंकल्पाची बातमी होती. विमावाले पुढच्या रांगेत होते. छोटेसाहेबांनी "तुटीचे प्रमाण" असे म्हटले, पंधरा मिनिटे भरली, आणि फोनमधून मध चाटवावा तसा एक आवाज आला:

"एकटे आहात का? रात्री झोप येत नाही? तुमच्यासारख्या प्रौढ, अनुभवी पुरुषांशी गप्पा मारायला मी केव्हाची आतुर आहे!"

बागेत पान हलेना. छोटेसाहेबांनी फुली दाबली. आवाज म्हणाला, "लाजू नका!" त्यांनी फोन उलटा केला, सदऱ्याच्या खिशात घातला, त्यावर हात दाबून धरला. आता तो आवाज नेमका त्यांच्या हृदयातून येऊ लागला. विमावाले अत्यंत सभ्यपणे आकाशाकडे पाहत होते. माळी झारी घेऊन निघून गेला. त्याने वाटेत दोनदा मागे वळून पाहिले.

"कोण रे ती?" ताईने विचारले.

तेवढ्यात पलीकडचा फोन दुसऱ्या कोणी घेतला. ती भाचेसून होती. पोर गुणी, बोलायला मऊ, आणि त्या मऊपणातच तिने घाव घातला.

"मामा, ऊन किती झालंय तिकडे. तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता? आम्ही सासूबाईंसाठी ते बोलणारं यंत्र मागवलंय. नुसतं सांगायचं, पेपर वाच. ते वाचतं. एक तारखेपासून तुम्ही मोकळे."

"त्रास कसला," छोटेसाहेब म्हणाले, पण आवाज खिशात दाबलेल्या बाईपेक्षाही बारीक निघाला.

मोकळे! इतक्या आपुलकीने दिलेला शब्द त्यांना आजवर एवढा कधी लागला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी जेवताना भाजीत मीठ नाही हे सांगितले नाही, तेव्हा बायको समजली की प्रकरण गंभीर आहे. बागेतली हकीकत तिला विमावाल्यांच्या बायकोकडून आधीच कळली होती, तीही थोडी वाढवून.

"ती आतुर बाई गेली का मग?" तिने विचारले.

"थट्टा नको. एक तारखेच्या आत हे जाहिरातींचं मिटलं पाहिजे. नाहीतर ताईचं वाचन गेलं."

ती मग थट्टा करत नाही असे पाहून छोटेसाहेबांना जास्तच वाईट वाटले.

ते पालिकेत गेले. वायफायचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर, एका फुटक्या कारंज्याच्या नकाशाखाली होता. तिथल्या साहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "वायफायला पैसे दिलेत?"

"नाही, फुकट आहे."

"मग तुम्ही ग्राहक नाही. तक्रार ग्राहकाची असते."

"मग मी कोण?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. हा प्रश्न त्यांनाही कधी पडला असावा. "असं बघा," ते म्हणाले, "ग्राहक म्हणजे जाहिरात देणारे. ते पैसे देतात. त्यांना आम्ही काय देतो? तर बाकावर बसलेली माणसं. म्हणजे तुम्ही माल आहात. आता मालानं तक्रार करायची झाली तर ती कोणत्या टेबलावर घ्यायची, याचं परिपत्रक अजून आलेलं नाही."

हे त्यांनी इतक्या प्रांजळपणे सांगितले की छोटेसाहेबांना रागावताही येईना. उद्यान विभागाकडे जाऊन पाहा, असे साहेबांनी सुचवले, कारण खांब बागेत आहे. उद्यान विभागाने सांगितले की खांबाच्या बुंध्याशी जे गवत आहे तेवढे आमचे. छोटेसाहेब जिना उतरले. आपल्या काउंटरवरून कोणी असा रिकाम्या हाताने उतरला असता तर आपण त्याला निदान एक पोस्टकार्ड तरी पाठवले असते, असे त्यांच्या मनात आले.

विमावाल्यांनी शेवटचा उपाय म्हणून त्यांच्या फोनमध्ये 'शांती' नावाचे एक अॅप घालून दिले. ते सर्व जाहिराती गिळते, असे त्यांना जावयाने सांगितले होते. शांतीने खरोखरच गाद्या, तेले, टाक्या गिळल्या. मग दर पानाआड ती स्वतःच पडद्यावर येऊन विचारू लागली की शांती आवडली का, मोठी शांती विकत घ्यायची आहे का, आणि शेजाऱ्यांना शांती भेट द्यायची आहे का. छोटेसाहेबांनी तिला काढून टाकायचा प्रयत्न केला. शांती जाईना. अकराच्या वाचनात तिने सात वेळा तोंड घातले, आणि शेवटी ताईच म्हणाली, "राहू दे रे बाबू. दमलास तू."

एक तारीख उजाडली. फोनच्या हिशेबाने सातवा महिना सुरू होता आणि डोहाळजेवणाच्या साड्यांवर सवलत होती.

अकरा वाजले. छोटेसाहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बटणांचा फोन मांडीवर, मोबाइल बंद करून टेबलावर. बायको काही कारण नसताना दोनदा खोलीतून येऊन गेली. दुसऱ्या खेपेस तिने चहा ठेवला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो रोज याच वेळी जात असणार, पण वाचनाच्या नादात कधी ऐकू आला नव्हता. फोन करावा की करू नये? तिकडे यंत्र वाचत असेल. ऐन बातमीत आपण वाजलो तर आपणही एक जाहिरातच.

सव्वाअकराला फोन वाजला.

"बाबू? काय करतोयस?"

"काही नाही गं. बसलोय. यंत्र आलं?"

"आलं ना. वाचूनही झालं."

"सगळं?"

"दहा मिनिटांत. एका दमात. श्वास म्हणून घेत नाही. धरण फुटलं त्याच सुरात, आणि कोणाला बक्षीस मिळालं तेही त्याच सुरात. मधे कोणी वारलं म्हणून मी विचारलं, कोण रे, आपल्या गल्लीतले का? तर म्हणतं, हा प्रश्न मला समजला नाही. त्यालाही जाहिराती आहेत बरं. पण त्याही त्याच आवाजात, त्यामुळे कळत नाही. मला वाटलं मंत्र्यांनीच बेसिन साफ करायची पावडर वापरा म्हणून सांगितलं."

छोटेसाहेबांनी हसू दाबले. हसणे बरे दिसले नसते.

"पण स्पष्ट वाचतं ना?" त्यांनी शहाजोगपणे विचारले.

"फार स्पष्ट. एवढं स्पष्ट कोणाला हवंय? आणि आता बारापर्यंत मी करू काय?" ती थोडी थांबली. मग तिचा आवाज बदलला, पूर्वी मांडीवर घेऊन शिकवताना असे तसा झाला. "कागद-पेन्सिल आहे का जवळ?"

"आहे."

"जाहिरात लिहून घे."

छोटेसाहेब नकळत ताठ बसले. चष्मा नाकावर सरकवला, आणि किती वर्षांनी कोण जाणे, त्यांच्या तोंडून काउंटरवरचा तो आवाज निघाला: "सांगा."

"पाहिजे," ताई म्हणाली. "एका म्हातारीस पेपर वाचून दाखविण्यासाठी माणूस पाहिजे. आवाज घोगरा असावा. अडखळणारा चालेल. मधे भांडणारा असल्यास प्राधान्य."

"शब्द जास्त होतात, ताई. रकान्यात बसत नाही. 'अडखळणारा चालेल' काढतो."

"काढायचं नाही. मोठा आलास शब्द काढणारा."

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही. लगेच रुजू व्हावे."

"पत्ता द्यायचा की पेटी क्रमांक?"

"पेटीबिटी नको मला. उत्तराची वाट बघत बसायचं वय आहे का माझं? तूच सांग कोणाचं उत्तर आलंय का ते."

 छोटेसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. दारात उभी असलेली बायको पदराच्या टोकाशी चाळा करत खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर काहीही नव्हते.

"एक आलंय," ते म्हणाले. "अनुभव बराच दिसतो. पण फोन वाईट आहे त्याचा. अचानक बायका बोलतात त्यातून."

"बोलू देत. पूर्वी आपल्याकडे वाचायला बसलं की दारावर बोहारीण यायची, कल्हईवाला यायचा. आई त्यांच्याशी घासाघीस करायची आणि आपण बोट ठेवून थांबायचो. ओळ कुठे पळून जाते होय?"

छोटेसाहेबांनी मोबाइल सुरू केला. शांतीने विचारले, शांती आवडते का. त्यांनी तिला उत्तर दिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही, आणि आपण थोडे उद्धट झालो याची त्यांना मजा वाटली. पेपर उघडला. पहिल्या पानावर पाणीपुरवठ्याची बातमी होती. त्यांनी घसा साफ केला.

"शहराच्या पूर्व भागातील पाणीपुरवठा उद्यापासून," त्यांनी वाचले, आणि पडद्यावर निळ्या पोशाखातला एक माणूस उडी मारून आला. घरातली गळती, ओल, बुरशी यांबद्दल तो तावातावाने बोलू लागला.

छोटेसाहेबांनी अंगठा उचलला नाही. पलीकडे ताईही थांबली. निळा माणूस बराच वेळ बोलत होता, त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. दोघेही रस्त्याच्या कडेला उभे राहून एखादी वरात जाऊ द्यावी तसे गप्प राहिले.

"गेला?" ताईने विचारले.

"गेला."

"हं. मग, उद्यापासून काय?"